हुमणी : एका परसाचे काम नव्हे



हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा वळवाचा एखादा पाऊस होऊन गेला असेल, किंवा ढग येऊन नुसतेच गडगडत असतील. या दिवसांत परसात करण्यासारखे फारसे काही नसते, अशी पुष्कळांची समजूत आहे. आळी करून ठेवावीत, शेणखत पसरावे आणि मृगाची वाट पाहावी. आम्हीही बरीच वर्षे तेच करीत आलो. परंतु ऑगस्ट महिन्यात वांगी-मिरचीचे जे नुकसान होते, त्याचे बीज याच पंधरवड्यात पडते, आणि तेही बहुधा आपल्या कुंपणाबाहेर, हे आम्हांला फार उशिरा कळले. ते आपणांस वेळेवर कळावे म्हणून हे चार शब्द.

आमच्या आवारात वांग्याची तीसेक रोपे होती. पाऊस चांगला झाला होता, रोपे गुडघ्याला लागली होती, फुलेही धरली होती. श्रावण लागला आणि एक रोप मान टाकू लागले. पाणी कमी पडले म्हणावे तर जमीन ओली. दुसऱ्या दिवशी शेजारची दोन रोपे गेली. आठवड्याभरात निम्मी ओळ सुकली. एक रोप धरून ओढले, तर ते दुधात बुडवलेल्या भाकरीसारखे अलगद हातात आले. खाली मूळ म्हणून काही राहिलेच नव्हते. वीतभर माती उकरली आणि इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली, पांढरी, गलेलठ्ठ अळी निघाली. एकाच आळ्यात तीन निघाल्या.

शहापूर-वडगावच्या बाजूला हिला हुमणी म्हणतात, कोणी उन्नी म्हणतात. आमचे कन्नड शेजारी गोण्णे हुळू म्हणतात. नाव काहीही घ्या, खोड एकच. भुईमूग, बटाटा, रताळे, मिरची, ऊस, शेवंती, गुलाब, जे सापडेल त्याचे मूळ ती खाते. बेळगाव-खानापूरच्या रताळ्यांना ती पोखरते, निपाणी-चिकोडीकडच्या उसाला आडवे पाडते, आणि आपल्या दारच्या कुंडीलाही सोडत नाही.

प्रथम शत्रू नीट ओळखावा, हे सांगणे आवश्यक आहे. कारण सुकलेले प्रत्येक झाड हुमणीचे नसते, आणि मातीत निघणारी प्रत्येक पांढरी अळी गुन्हेगार नसते.

झाड सुकले की ते आधी हलक्या हाताने ओढून पाहावे. सहज उपटले आणि मुळे कुरतडलेली दिसली, तर हुमणीचा संशय घ्यावा. मुळे शाबूत आहेत, पण खोड उभे चिरल्यावर आत तपकिरी रेघा दिसतात, तर तो बुरशीचा मररोग होय. तिथे किड्याच्या मागे लागून उपयोग नाही. मुळांवर गाठीच गाठी असतील तर ते सूत्रकृमींचे काम. डाळीच्या मुळांवर, भुईमुगाच्या मुळांवर असणाऱ्या गाठी मात्र उपकारक असतात, त्या पाहून घाबरू नये. खोडावर मातीचे बोगदे चढलेले दिसले तर वाळवी. आणि रोप रात्रीतून जमिनीलगत कात्रीने कापल्यासारखे पडले असेल, तर ती रोपे कुरतडणारी करड्या रंगाची अळी; ती त्याच रोपाच्या बुडाशी मातीत दडलेली सापडते.

आता अळीविषयी. हुमणीचे डोके तपकिरी आणि कठीण असते, छातीशी पायांच्या तीन जोड्या असतात, शेपटाकडचा भाग फुगीर आणि आतील मातीमुळे काळसर-निळसर दिसतो. पूर्ण वाढलेली अळी सरळ केली तर दीड-दोन इंच भरते. शेणखताच्या ढिगात मात्र दुसऱ्याही अशाच अळ्या असतात. एक सोपी परीक्षा करावी. अळी सपाट फरशीवर ठेवावी. ती पाठीवर उताणी होऊन सरपटत चालू लागली तर ती फुलांवरील भुंगेऱ्याची अळी समजावी. तिचे अन्न कुजलेला पालापाचोळा. ती खत बारीक करून देते, तिला खड्ड्यातच सोडून द्यावे. हुमणी उताणी चालत नाही. ती कुशीवर वळून पडते आणि फार तर पायांनी रखडत जाते. उकिरड्यात अंगठ्याएवढी जाड अळी निघाली तर ती बहुधा गेंडा भुंग्याची. तिचा त्रास वांग्यांना नसून नारळांना आहे, म्हणून ज्यांच्या दारी नारळ आहेत त्यांनी तिला ठेवू नये.

आता त्या पावसाळ्याची गोष्ट थोडी पुढे नेतो, कारण त्यात आमचीही चूक आहे आणि ती लपवून उपदेश करणे बरे नव्हे. आमच्याच गल्लीत एक मावशी आहेत. दोन गुंठ्यांत वांगी, मिरची, भेंडी करून रोज सकाळी बुट्टी डोक्यावर घेऊन विकायला जातात. त्यावर घर चालते. त्यांचीही रोपे जाऊ लागली. त्यांनी आम्हांला विचारले आणि आम्ही, फारसा विचार न करता, ‘दुकानातून दाणेदार औषध आणून बुडाशी टाका’ असे सांगून मोकळे झालो. त्यांनी कुणाच्या तरी माळ्यावर पडलेली, चिठ्ठी फाटलेली, उग्र वासाची अर्धी पिशवी आणली, हातानेच दाणे टाकले आणि वर पाणी सोडले. हुमणी मेली की नाही देव जाणे. दाणे टिपून त्यांच्या दोन कोंबड्या मात्र मेल्या. आणि चौथ्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे वांगी तोडून विकली. ती कोणी खाल्ली? आपणच खाल्ली. आमच्या स्वयंपाकघरातही त्यातली शेरभर आली होती.

मावशींचा यात दोष नाही. त्यांना कोणी काही सांगितले नव्हते, आणि ज्यांनी सांगायचे त्या आम्हांलाच धड माहीत नव्हते. म्हणून तो सल्ला आम्ही येथे उघडपणे मागे घेतो.

वाचकांनी लक्षात घ्यावे की हुमणीसाठी पूर्वी सर्रास वापरली जाणारी बीएचसी पावडर आपल्या देशात १९९७ पासून बंद आहे. तिचा अंश जमिनीत वर्षानुवर्षे राहतो आणि अन्नातून शरीरातील चरबीत साठतो. फोरेट नावाचे दाणेदार विष, जे उसात आणि भुईमुगात पोत्यांनी पडत असे, त्यावरही ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. जागतिक आरोग्य संघटनेने फोरेटला अत्यंत घातक विषांच्या पहिल्याच वर्गात टाकले आहे. अशी जुनी पिशवी कोणाच्या गोठ्यात, माळ्यावर पडलेली असेल तर ती वापरू नये, कोणाला देऊ नये, नाल्यात टाकू नये, जाळूही नये. मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवून कृषी खात्याच्या कार्यालयात विचारावे. विषाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यांतल्या त्यात सौम्य. अक्षर वाचता येत नसले तरी रंग सर्वांना ओळखता येतो. घरातील बायकामुलांना तो जरूर शिकवावा.

अशा औषधाने कोणाला बाधा झाली तर खूप घाम येतो, तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास जड होतो. अशा वेळी कपडे बदलून अंग साबणाने धुवावे, घरगुती उपाय करीत बसू नये, मीठपाणी पाजून उलटी करवू नये. डबा किंवा पिशवी बरोबर घेऊन तडक इस्पितळ गाठावे. डॉक्टरांना डब्यावरचे नाव वाचता आले की अर्धे काम होते.

विष बाजूला ठेवले तर मग करायचे काय, असा प्रश्न येईल. त्यासाठी हुमणीचे वर्ष कसे जाते ते पाहावे लागेल.

हुमणी ही अळी म्हणजे एका तांबूस-तपकिरी भुंगेऱ्याचे बालपण होय. वळवाचा चांगला पाऊस होऊन जमीन भिजली की जमिनीत महिनोन्‌महिने दडून बसलेले भुंगेरे तिन्हीसांजेला बाहेर पडतात. ते थेट कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जाऊन बसतात, तिथे त्यांचा संसार जुळतो, रात्रभर पाला खातात आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा मातीत शिरतात. कडुनिंबाची पाने अर्धचंद्रासारखी खाल्लेली दिसली आणि सकाळी झाडाखाली बारीक लेंड्यांचा सडा पडलेला दिसला, की समजावे, पाहुणे येऊन गेले. पुढे मादी जवळपासच्या मऊ, भुसभुशीत जमिनीत एकेक करून काही डझन अंडी घालते. दीड-दोन आठवड्यांत अंड्यांतून अळ्या निघतात. त्या आधी कुजलेले पदार्थ आणि केसासारखी बारीक मुळे खातात, म्हणून जुलै महिन्यात आपल्याला काहीच दिसत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्या मोठ्या होतात आणि तेव्हा रोपे पडू लागतात. थंडीच्या सुमारास त्या खोल जाऊन मातीच्या घरट्यात कोष करतात. कोषातून भुंगेरा निघतो, पण तो बाहेर येत नाही. पुढच्या वळवाची वाट पाहत जमिनीतच राहतो. असे वर्षाला एकच चक्र.

आता विचार करा. आम्ही ऑगस्टमध्ये विषाची पिशवी घेऊन वांग्याच्या बुडाशी बसतो. तोवर अळी जाड झालेली असते, खोल गेलेली असते, औषधाला दाद देत नाही. आणि झाडाचे मूळ तर आधीच गेलेले असते. हे म्हणजे वरातीमागून घोडे. उलट जूनच्या आरंभी तीच हुमणी भुंगेऱ्याच्या रूपात झाडावर, डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर असते. तेव्हा मारलेली एक मादी म्हणजे मातीत पडण्यापूर्वीच संपलेल्या काही डझन अळ्या. ज्याला खर्च नाही, विष नाही, असा हा एकमेव मोका वर्षातून पंधरा-वीस दिवस मिळतो आणि आपण तो घरात बसून घालवतो.

यात अडचण एकच. कडुनिंबाचे झाड बहुधा आपल्या परसात नसते.

आमच्या गल्लीतील मोठा कडुनिंब एका कन्नड आजोबांच्या अंगणात आहे. त्या घराचे आणि पलीकडच्या मराठी घराचे गटारीच्या पाण्यावरून काही वर्षे बोलणे नव्हते. बेळगावात राहणाऱ्यांना, कोणत्या गोष्टीत कोणती गोष्ट मिसळते आणि साधे गटाराचे भांडण कुठवर जाते, ते सांगायला नको. आम्हीही त्या दाराशी जायला कां-कूं करीत होतो. शेवटी मावशीच गेल्या. मोडक्या कन्नडमध्ये त्यांनी हुमणी म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली, तोच आजोबा म्हणाले, ‘गोण्णे हुळू? माझी शेवंती त्यानेच खाल्ली.’ त्यांनीच आकडी काढून दिली, त्यांच्या नातवाने बॅटरी धरली, आणि ज्या घराशी बोलणे नव्हते तिथून ताडपत्री आली. भुंगेऱ्याला सीमाप्रश्न ठाऊक नाही. तो एकाच्या झाडावर जेवतो आणि दुसऱ्याच्या वांग्यात अंडी घालतो. त्याचा बंदोबस्त करायचा तर माणसांनाही कुंपण ओलांडावे लागते.

काम अगदी सोपे आहे. पहिला चांगला पाऊस झाला की त्याच संध्याकाळपासून लक्ष ठेवावे. अंधार पडल्यावर तासाभराने झाडाखाली ताडपत्री किंवा जुनी चादर पसरावी आणि आकडीने फांद्या जोराने हलवाव्यात. भुंगेरे टपाटप पडतात. ते चावत नाहीत, डंख मारीत नाहीत. मुलांनाही गोळा करता येतात. पूर्वी ते रॉकेलच्या पाण्यात टाकीत. हल्ली रॉकेल सहज मिळत नाही, तेव्हा बादलीत साबणाचे दाट पाणी पुरेसे होते. पाऊस पडेल त्या-त्या संध्याकाळी, असे दोन-तीन आठवडे करावे. एक दिवस करून सोडल्यास उपयोग नाही, कारण सर्व भुंगेरे एकाच दिवशी निघत नाहीत. विजेच्या तारा जवळ असतील तिथे लोखंडी नळी मुळीच वापरू नये, आणि रात्री मुलांना झाडावर चढवू नये.

दिव्याचा सापळाही करता येतो. साबणपाण्याच्या घमेल्यावर दिवा टांगावा; पण तो अंधार पडल्यापासून दोन तासच ठेवावा आणि मग विझवावा. रात्रभर जळणाऱ्या दिव्यावर उपयोगी कीटकही येऊन मरतात. नदीकाठच्या उसातली हुमणी बहुधा वेगळ्या जातीची असते. तिचे भुंगेरे कडुनिंबावर जमतीलच असे नाही, त्यांना संध्याकाळी शेतातच जमिनीलगत वेचावे लागते. उसाच्या शेतकऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा, आणि औषधाची गरज पडलीच तर कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यानेच पाऊल टाकावे. आमचे हे विवेचन मुख्यतः परसासाठी आहे.

काहीजण विचारतात, सरळ कडुनिंबच तोडला तर? हा विचार मनातूनही काढावा. भुंगेरे बाभळीवर जातील, बोरीवर जातील, कुठे जातील ते आपल्याला समजणारही नाही. कडुनिंब आहे म्हणून ते एका जागी गोळा होतात. तो आपला चालताबोलता सापळाच आहे. सावली जाईल ती वेगळीच.

भुंगेरे वेचूनही काही अंडी पडणारच. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात. कच्चे शेणखत टाकू नये; पूर्ण कुजलेलेच टाकावे, आणि टाकण्यापूर्वी ढीग पसरून अळ्या वेचाव्यात. पीक निघाल्यावर, थंडी पडण्यापूर्वी, वाफे खोल उकरून एक-दोन दिवस उघडे ठेवावेत. कावळे, साळुंक्या, बगळे आपले काम चोख करतात. ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत त्यांनी त्या सोडाव्यात. अर्थात मातीत विष नसेल तरच! पावसाळ्यात सुकलेले रोप उपटून नुसते फेकू नये. त्याच जागी वीतभर उकरून अळी काढावी, नाही तर ती शेजारच्या रोपाकडे सरकते.

शिवाय मेटारायझियम नावाची एक बुरशी आहे, तिचा उपयोग अवश्य करावा. तिचा इतिहास मनोरंजक आहे. इल्या मेचनिकोव्ह नावाच्या शास्त्रज्ञांनी १८७९ साली ओडेसाच्या परिसरात गव्हाचे नुकसान करणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीवर हिरवट बुरशी वाढलेली पाहिली आणि किड्याला आजारी पाडून शेत वाचविण्याची कल्पना मांडली. याच मेचनिकोव्हांना पुढे १९०८ साली रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले, आणि दीर्घायुष्यासाठी दही-ताक खावे असे युरोपला सांगणारेही तेच. ही बुरशी भुकटीच्या रूपात मिळते. धारवाडचे कृषी विद्यापीठ किंवा जवळचे कृषी विज्ञान केंद्र येथे चौकशी करावी. पाकिटावरील प्रमाणात कुजलेल्या शेणखतात मिसळून, जून-जुलैत, जमीन ओली असताना, संध्याकाळी मुळांशी द्यावी. अळी लहान असतानाच ती चांगली लागू पडते. दोन-चार दिवसांत चमत्कार होत नाही; काही आठवडे धीर धरावा लागतो. बुरशीनाशक औषध मात्र तिच्या जोडीला देऊ नये, ते तिलाच मारते.

या किड्याने आम्हां धर्मगुरूंनाही पूर्वी जेरीस आणले आहे. १४७९ साली स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या लोकांनी मुळे खाणाऱ्या अळ्यांविरुद्ध लोझानच्या बिशपांच्या न्यायासनापुढे चक्क फिर्याद केली. अळ्यांना समन्स निघाले, त्यांच्या बाजूने वकीलही नेमला गेला, आणि अखेर त्यांना बहिष्कृत करण्यात आले. त्या काळच्या बखरकाराने प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे की त्याचा काही परिणाम झाला नाही. हुकूम निघाला, अळ्या निघाल्या नाहीत. आज आपण त्या लोकांना हसतो. पण दुकानातून पिशवी आणून दुरून दाणे फेकणारे आम्ही त्यांच्याहून फार शहाणे नव्हतो. दोघांनाही हात मातीत न घालता आणि शेजाऱ्याचे दार न ठोठावता सुटका हवी होती.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीने हे काम उशिरा, अर्धेमुर्धे केले. तरी पहिल्याच संध्याकाळी अर्धी बादली भुंगेरे निघाले. मावशींची काही रोपे तरीही गेली, आमचीही गेली. पण निम्मी ओळ गेली नाही, आणि वांगी खाताना मनात शंका राहिली नाही. यंदा बाभळीकडच्या चार घरांनीही यावे असे आमचे म्हणणे आहे. कारण एका परसाने भुंगेरे वेचायचे आणि शेजारच्याने सोडून द्यायचे, तर ते आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे होईल. आपल्यात म्हण आहेच, गाव करील ते राव काय करील.

तेव्हा वाचकहो, पाऊस झाला की त्या संध्याकाळी टीव्ही जरा बंद ठेवावा, बॅटरी आणि बादली घ्यावी, आणि ज्यांच्या अंगणात कडुनिंब आहे त्यांच्या दारावर थाप मारावी. बोलणे नसेल तर हुमणीचे निमित्त चांगले आहे.